शेतमजूर बाईची कंबर कायद्याला का दिसली नाही?

'जुन्या बायका दणकट होत्या. शेतात बाळंत व्हायच्या आणि मूल टोपलीत ठेवून पुन्हा आवणीला उतरायच्या. आताच्या पोरींची दोन हंडे उचलले तरी पाठ धरते.' हे बोलणे महाराष्ट्रात कुठेही ऐकायला मिळते. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या रांगेत, व्हॉट्सॲपच्या गटांत. वरवर पाहता ते कौतुक आहे. पण या कौतुकात एक मोठी लबाडी आहे. शेतात बाळंत होऊन जगलेल्या बाईची गोष्ट सांगितली जाते, न जगलेल्या बाईची कोणी सांगत नाही. आणि जी जगली तिची कंबर चाळिशीत का गेली, तिचे 'अंग बाहेर' का आले, हेही कोणी विचारत नाही.

आमचे काम मोहने-आंबिवली परिसरातल्या वस्त्यांमध्ये चालते. उल्हास नदीच्या काठचे मोहने आज कल्याण-डोंबिवली महापालिकेत आहे. पण इथल्या म्हाताऱ्या बायकांच्या शरीरात अजून शेत आहे. कोणी मुरबाड-शहापूरच्या भातशेतीतून आलेली, कोणी दुष्काळात मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून. त्यांच्याकडे जमिनीचा सातबारा नाही. वाकलेली कमर, सुजलेले गुडघे आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांचे जुने व्रण, एवढीच त्यांची शेतीतली कमाई. दवाखान्यात त्यांना 'वयोमानाने होते' असे सांगितले जाते. आमचे म्हणणे असे की हे वयोमानाने झालेले नाही. हे जात, जमीन, मजुरी आणि कायदा या चौघांनी मिळून केले आहे, आणि त्याचा इतिहास तारीखवार सांगता येतो.

वाकायचे कोणी आणि उभे राहायचे कोणी?

प्रथम काम नीट पाहू. आपल्या ठाणे जिल्ह्यातली भातशेती घ्या. उन्हाळ्यात राब भाजायचा असतो. त्यासाठी पालापाचोळा आणि शेण डोक्यावरून वाहून आणते बाई. पाऊस पडला की चिखलणी होते. ती बैलांच्या नांगराने, आता पॉवर टिलरने, आणि ती करतो पुरुष. रोपांची खणणी आणि मुठी बांधणे बाईकडे. मग आवणी. डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद, पोटरीपर्यंत चिखल, कमरेत काटकोन, आणि एकेक पाऊल मागे टाकत रोप लावत जायचे. सकाळी वाकलेली बाई जेवणाच्या सुट्टीतच सरळ होते. पुढे बेणणी, म्हणजे तण काढणे, तेही वाकून किंवा उकिडवे बसून. कापणी विळ्याने, पुन्हा वाकून. कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर नेताना डोके आणि मान कामाला लागते. आणि हे सगळे झाल्यावर घरचे पाणी, सरपण, चूल.

या यादीत एक गोष्ट ठळक दिसते. ज्या कामाला जनावर, अवजार किंवा यंत्र मिळाले ते काम पुरुषाचे झाले. ज्या कामाला नुसते हात आणि कंबर लागते ते बाईचे राहिले. डेन्मार्कच्या अर्थतज्ज्ञ ईस्टर बोसरप यांनी १९७० साली स्त्रिया आणि आर्थिक विकास यांवरच्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा जगभरची उदाहरणे देऊन मांडला. नांगराची शेती आली तिथे नांगर पुरुषाच्या हाती गेला आणि हातकाम स्त्रीकडे उरले. आपल्याकडे त्याला धर्माचे कुलूपही लागले. बाईने नांगराला हात लावायचा नाही, लावला तर पाऊस रुसतो, अशी समजूत गावोगाव होती. आवणी मात्र तिनेच करायची, तेव्हा पाऊस रुसत नाही!

'आवणी नाजूक काम आहे, बाईचा हात हलका असतो' असे यावर उत्तर दिले जाते. मग नाजूक, कसबाचे काम म्हणून तिला मजुरी जास्त मिळायला हवी होती. प्रत्यक्षात गावात 'गड्याचा रोज' आणि 'बाईचा रोज' असे दोन भाव शतकभर चालत आले आणि बाईचा रोज नेहमी कमी राहिला. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तरी बांधावर हे दोन शब्द अजून जिवंत आहेत.

जात या कष्टात कुठे बसते?

शेतकरी बाईच्या कष्टांकडे आधुनिक काळात पहिल्यांदा नीट पाहिले ते महात्मा जोतीराव फुले यांनी. 'कुळंबीण' या नावाची त्यांची एक रचनाच आहे. त्यात शेतकरी बाईच्या दिवसभराच्या कामांची मोजदाद आहे, आणि जी या कष्टांवर जगते पण ते करत नाही अशा भटणीशी तुलना आहे. श्रम कोण करतो आणि प्रतिष्ठा कोणाला मिळते, हा प्रश्न जोतीरावांनी बाईच्या शरीरापर्यंत नेला. ही फार मोठी गोष्ट होती.

पण कुळंबिणीच्या खाली आणखी एक बाई होती. कुळंबीण निदान स्वतःच्या किंवा कुळाने केलेल्या रानात वाकत होती. महार, मांग, कातकरी, ठाकूर, वारली बाई दुसऱ्याच्या रानात वाकत होती, आणि अनेकदा मजुरीशिवाय. महार वतनाचेच पाहा. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला गावाचा आणि सरकारचा चोवीस तासांचा चाकर करून ठेवले. नाव पुरुषाचे, पण राबायचे सगळ्या घराने. झाडलोट, सरपण, खळ्यावरची कामे यात बाई होतीच. तिचे नाव ना वतनाच्या कागदावर होते ना बलुत्याच्या हिशेबात. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते या फुकटच्या श्रमाविरुद्ध. कायद्याने वतने संपायला १९५८ साल उजाडले.

कोकणात खोती होती. खोताची वेठ कुळाच्या घरातल्या सगळ्यांवर पडायची. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. उर्मिला पवार यांच्या 'आयदान' या आत्मकथनात रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या बायका डोक्यावर गवताचे, लाकडांचे भारे घेऊन डोंगर चढत-उतरत बाजार गाठतात. त्या वाचताना लक्षात येते की जमीन नसलेल्या घरात बाईची मानच बैलगाडी असते.

आमच्या ठाणे जिल्ह्यात याचे सर्वांत उघडे रूप वारल्यांच्या वेठबिगारीत होते. तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात सावकार-जमीनदारांच्या गवताची कापणी आदिवासी करायचे आणि ते गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली उठले. ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये, ही त्यांची गाजलेली मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. या लढ्याने वेठ मोडली आणि श्रमाला भाव मिळवून दिला. त्यापुढे एक टोक अजून उरले होते. ५०० पौंडांचा भाव ठरला, पण ते ५०० पौंड कापताना, बांधताना, वाहताना शरीराची जी झीज होते ती कोणी भरून द्यायची? तिचा भाव अजूनही ठरलेला नाही.

बाबासाहेबांचे १९२८ चे तत्त्व

याचे उत्तर खरे तर त्याआधीच दिले गेले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतीलाभ विधेयकावर बाबासाहेब बोलले. त्यांच्या भाषणाचा गाभा असा होता की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा. पण आजच्या स्थितीत मालकही त्यातून सुटू शकत नाही, कारण स्त्रीला कामावर ठेवून तो फायदा घेतो.

यातले तत्त्व नीट लक्षात घ्या. बाईचे शरीर ही तिची खासगी अडचण नाही. ज्याला तिच्या श्रमाचा फायदा होतो त्याने आणि सरकारने त्या शरीराची किंमत मोजायची. याआधी कोणत्याही धर्मशास्त्राने हे सांगितले नव्हते. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांतात प्रसूतीलाभ कायदा झाला. देशातला तो असा पहिला कायदा. पण तो लागू झाला कारखान्यातल्या स्त्रियांना.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभ कायद्यात त्यांनी दुरुस्त्या आणल्या. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या. त्या परिषदेने गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेतल्या कामकरी बायकांसाठी हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि पेन्शन मागितले. १९४२ साली! ज्या बायकांना सवर्ण समाज माणूस मानत नव्हता त्या पेन्शन मागत होत्या.

मग शेतातली बाई कुठे राहिली? बाबासाहेबांनी ११ एप्रिल १९४६ रोजी किमान वेतनाचे विधेयक मांडले, त्याचा कायदा १९४८ साली झाला आणि त्याच्या परिशिष्टात शेती आली. म्हणजे शेतमजुराच्या रोजाला कायद्याचे दार उघडले. पण रोज म्हणजे शरीर नव्हे. प्रसूती, ओझे, दुखापत, विसावा यांचे कायदे जिथे फाटक आहे, हजेरीपट आहे आणि मालकाचे नाव आहे तिथेच थांबले.

फाटकाच्या आत आणि बाहेर

मोहन्यात राहणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. इथे एनआरसीचा, म्हणजे नॅशनल रेयॉनचा कारखाना होता. स्वातंत्र्याच्या सुमारास उभा राहिलेला आणि २००९ साली बंद पडलेला. कारखान्याच्या भिंतीच्या आत १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट होता. त्या कायद्यात काय काय होते ते पाहा. कोणत्याही कामगाराला इजा होईल इतके जड ओझे उचलायला लावता येणार नाही, आणि स्त्री-पुरुषांसाठी ओझ्याची कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. ठरावीक संख्येपेक्षा जास्त स्त्रिया असतील तर पाळणाघर हवे. पिण्याचे पाणी, संडास, हातपाय धुण्याची सोय हवी. ज्यांना उभे राहून काम करावे लागते त्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बैठक हवी.

उभ्या राहणाऱ्याला बसायची सोय कायद्याने दिली. दिवसभर वाकणाऱ्या बाईला सरळ उभे राहायची सोय कोणत्या कलमात आहे? भिंतीच्या आत ओझ्याला कायदा आहे. भिंतीबाहेर भाताचा भारा, लाकडाची मोळी, शेणाची पाटी यांना वजनच नाही. ज्या गावात कारखाना आणि शेत यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती, तिथे एका बाजूचे शरीर कायद्याला दिसत होते आणि दुसऱ्या बाजूचे दिसत नव्हते. भिंतीच्या आतल्या कामगारांनाही हे हक्क आपोआप मिळाले नाहीत, युनियनने लढून टिकवले. बाहेरच्या बाईपाशी युनियनही नव्हती.

१९६१ चा प्रसूतीलाभ कायदा आला. कारखाने, खाणी आणि मळे त्यात आले. मळे म्हणजे चहा, कॉफी, रबर यांचे. भाताचे खाचर आणि उसाचा फड मळा धरला गेला नाही. २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, याचे स्वागत आम्हीही केले. पण आवणीवरच्या बाईला २६ दिवसही मिळाले नाहीत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान ६००० रुपये देण्याचे लिहिले. २०१७ पासून मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५००० रुपये ठरले. कायद्यातल्या रकमेपेक्षा योजनेतली रक्कमच कमी! २०११ च्या जनगणनेत देशातल्या काम करणाऱ्या दर १०० स्त्रियांपैकी ४१ शेतमजूर आणि २४ शेतकरी होत्या. म्हणजे दर १०० पैकी ६५ स्त्रिया ज्या क्षेत्रात आहेत, तेच क्षेत्र शरीराच्या कायद्याबाहेर आहे. याला विसर म्हणत नाहीत, याला व्यवस्था म्हणतात.

शरीराचा हिशेब मांडला गेला तेव्हा

'मोजता येत नाही म्हणून कायदा करता येत नाही' असाही युक्तिवाद होतो. तो खोटा आहे. जेव्हा कोणी मोजायला गेले तेव्हा आकडे मिळाले.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो बाया खडी फोडायला, पाझर तलावांवर माती वाहायला गेल्या. त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे डॉ. अभय बंग यांनी दाखवून दिले की किमान मजुरी ठरवताना मजुराच्या शरीराला लागणाऱ्या अन्नाचा हिशेबच कमी धरला होता. त्या वेळची ४ रुपयांची मजुरी नंतर १२ रुपयांवर गेली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१० च्या मानकांप्रमाणे बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला १९०० किलोकॅलरी लागतात आणि जड काम करणारीला २८५०. म्हणजे दीडपट. ही वरची दीड भाकरी कुठून येते? बहुतेक घरांत येतच नाही. कारण बाई सगळ्यांचे झाल्यावर जेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. कमी रक्ताचे शरीर आणि दीडपट काम, हे समीकरण कंबर तोडणारच.

१९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची तशी तपासणी झाली होती. बाकीच्या अंगावर काढत होत्या. 'अंगावर काढणे' हा शब्दच मराठीने शेतातल्या बाईकडून घेतला असावा असे वाटते. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, बाळंतपणानंतर लगेच ओझे उचलल्याने अंग खाली येणे, हे सगळे सहन करत ती पाथ पूर्ण करते. कारण मध्येच उठली तर अर्धा रोज जातो.

आणि २०१९ साली बीडचे प्रकरण सगळ्या देशाने वाचले. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. खाडा झाला तर दंड जोडीच्या नावावर. पाळीला खाडा नाही, गरोदरपणाला खाडा नाही. पाळी आणि पोटदुखी यांतून सुटण्याचा उपाय म्हणून 'पिशवी काढून टाकणे' सांगितले गेले. जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण दर सहापैकी एक. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

इथे १९२८ चे तत्त्व लावून पाहा. तिच्या श्रमाचा फायदा कोणाला? साखर कारखान्याला. कारखाना 'ती आमची कामगार नाही, मुकादमाची आहे' म्हणतो. मुकादम 'मी तर मध्यस्थ' म्हणतो. कारखान्याच्या फाटकाच्या आत कामगार कायदा आहे, आणि त्याच फाटकात जाणाऱ्या उसाची मोळी वाहणारी बाई कायद्याबाहेर आहे. मोहन्याच्या भिंतीचीच ही मोठी आवृत्ती. या बायका वंजारी, बंजारा, बौद्ध, मातंग, भटक्या समाजांतल्या आहेत. कारखान्यांच्या संचालक मंडळांवर कोणत्या समाजाची माणसे बसतात ते वाचकाला माहीत आहे.

अवजार बदलते, जर ठरवले तर

'शेतीच अशी आहे, वाकावेच लागते' हा शेवटचा युक्तिवाद. त्याला उत्तर कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांनी दिले आहे. तिथल्या भाजीच्या शेतांत मेक्सिकन मजुरांना फूटभर दांड्याचे कुदळे दिले जायचे. मजूर त्याला 'एल कोर्टिटो', म्हणजे 'आखूड', म्हणायचे. दिवसभर वाकून पाठीचे मणके जायचे. लांब दांडा दिला तर पीक खराब होईल, असे मालक म्हणायचे. आखूड दांड्याचा एक फायदा वेगळाच होता. कोण वाकले आहे आणि कोण सरळ उभे आहे, हे मुकादमाला लांबूनच दिसायचे. मजुरांनी आणि त्यांच्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षी काढल्या. १९७५ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला. वापराने शरीर मोडत असेल तर ते अवजार असुरक्षितच, असा त्याचा अर्थ होता. आखूड कुदळे बंद झाले. शेती बुडाली नाही.

आपल्याकडे अवजारे नाहीत असेही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा कापणीचे श्रम कमी करतो. उभ्याने ढकलायचे सायकल कोळपे आहे. पण ते घरात आले की बहुधा गड्याच्या हातात जाते आणि बाईच्या हातात खुरपेच राहते. मोहन्यावरून वाहणाऱ्या उल्हास नदीच्याच वरच्या अंगाला, नेरळला, चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केले. त्यात चिखलणी नाही आणि आवणीही नाही. गादीवाफ्यावर थेट बी टोकायचे. म्हणजे आवणीचा काटकोन हा निसर्गनियम नाही, हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले आहे.

इथे एक सावधगिरी हवी. भूमिहीन बाईला आवणीचे दिवस म्हणजे रोजाचे दिवसही असतात. यंत्र आले आणि रोज गेला, तर कंबर वाचेल पण चूल विझेल. म्हणून यंत्राला विरोध करायचा का? बाबासाहेबांनी गांधीवादावर टीका करताना हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांकडे जाऊ देणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला फुरसत आणि संस्कृती मिळायची असेल तर यंत्र हवेच. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या मालकीचे.

म्हणूनच बाईच्या कमरेचा प्रश्न शेवटी जमिनीपाशी येतो. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेबांनी शेती राज्याचा उद्योग करून ती जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी असे मांडले, म्हणजे ना जमीनदार उरेल, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यात लाखोंनी तुरुंग भरले आणि आमच्या मायबहिणी लेकरे काखेत घेऊन आत गेल्या. आज देशातल्या शेतखात्यांपैकी सुमारे १४ टक्केच स्त्रियांच्या नावावर आहेत. ज्याची जमीन तो अवजार ठरवतो. विसाव्याची वेळही तोच ठरवतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. शेतमजूर आणि ऊसतोड बाईला बाळंतपणाची मजुरी किमान वेतनाच्या दराने, आणि तिचा भार सरकार व साखर कारखाने यांच्यावर. डोक्यावरच्या ओझ्याला फाटकाबाहेरही कायद्याची मर्यादा. कंबर, गुडघे आणि गर्भाशयाचे आजार हे कामाचे आजार म्हणून नोंदवावेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात 'वयोमान' लिहिणे बंद व्हावे. अवजारांचे अनुदान बाईच्या नावावर, सातबारा नसला तरी, बचत गटामार्फत. गायरान आणि सरकारी पडीक जमिनी भूमिहीन स्त्रियांच्या नावावर.

यातली एकही मागणी नवी नाही. १९२८ साली जे तत्त्व कारखान्याच्या दारापर्यंत पोचले ते शंभर वर्षे होत आली तरी बांधापर्यंत पोचलेले नाही. ते पोचवणे हे आपल्या चळवळीचे काम आहे. जयंतीला आईच्या कष्टांवर टाळ्या मिळवणारी भाषणे पुष्कळ झाली. आता ग्रामसभेत, कारखान्याच्या दारात आणि विधानभवनावर या कष्टांचा हिशेब मागू या.

जय भीम.